चाखून पाहिलेली होडी

परत आल्यापासून सगळे मला एकच गोष्ट विचारताहेत : छत्री कुठं टाकून आलात? घरी विचारून झालं, शाळेत विचारून झालं, गल्लीतल्या दुधवाल्यानंही विचारलं. त्यांचंही बरोबर आहे. मी वस्तू हरवणारी बाई नव्हे. माझ्या वर्गातल्या मुलींनी बेंचखाली सोडलेले रुमाल मीच गोळा करून परत देते. अशी बाई ऐन श्रावणात कोकणातून छत्रीशिवाय, ओलीचिंब होऊन कोल्हापुरात उतरते म्हणजे काहीतरी भानगड असणार, असा सगळ्यांचा तर्क आहे. भानगड आहेच. पण ती सांगायची तर शिरखारच्या होड्यांच्या बाजारापासून सुरुवात करावी लागेल.

शिरखार हे आमच्या चित्रकलेच्या शिक्षिका नलूताईंचं माहेर. रत्नागिरीच्या पुढं खाडीच्या तोंडाशी वसलेलं गाव. नलूताई कित्येक वर्षं शिक्षकांच्या खोलीत डबा उघडला की सांगायच्या, "आमच्याकडे नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी होड्यांचा बाजार भरतो." मी म्हणायची, आमच्याकडे बैलांचा भरतो, त्यात काय विशेष. त्या म्हणायच्या, "आमच्या बाजारात आता कुणी काही विकत नाही आणि कुणी काही घेत नाही. तरी तो भरतो." हे मात्र माझ्या डोक्यात बसलं. विकणं नाही, घेणं नाही, आणि तरी पिढ्यान्‌पिढ्या चाललेला बाजार म्हणजे काय, ते पाहिल्याशिवाय मला चैन पडेना. यंदा दोघींनी जायचं ठरवलं. ऐन वेळी नलूताईंच्या सासूबाई न्हाणीघरात घसरून पडल्या. मग मी एकटीच निघाले. भूगोलाची शिक्षिका असून समुद्राशी माझी ओळख फळ्यावरच्या निळ्या खडूपुरतीच होती, हे मला निघताना जरा खुपत होतं.

पालीचा थांबा

आंबा घाट उतरताना काय दिसलं ते लिहीत नाही, कारण धुक्यामुळे काहीच दिसलं नाही. पालीला गाडी बराच वेळ थांबली. थांब्याच्या पत्र्याखाली एक बाई सुकं म्हावरं घेऊन बसली होती. डोक्यावरून पाठीवर पानांचं इरलं, पुढ्यात टोपली. श्रावणात समुद्र बंद, त्यामुळे ताजी मासळी नाही, एवढं मला ठाऊक होतं. मी उगाच भाव विचारला. तिनं मला आपादमस्तक न्याहाळलं आणि कुठं निघाले ते विचारलं. शिरखारचा बाजार म्हटल्यावर टोपलीवरचा हात तसाच ठेवून ती म्हणाली, "यंदा होडी कुणाची हाय?"

मला माहीत नव्हतं. होडी कुणाची हे ठाऊक नसताना बाजाराला निघालेली बाई तिनं बहुतेक पहिल्यांदाच पाहिली असावी. तिचं शिरखारात कुणी नव्हतं, पण आजूबाजूच्या मुलखात दरवर्षी ही बातमी पोचतेच, असं तिनं मला समजावून सांगितलं. यंदा रस्ते खचले होते, गाड्या कमी होत्या, म्हणून बातमी अडली होती. "येताना सांगून जावा," ती म्हणाली. "रडली का नाय ते."

होडी रडते म्हणजे काय, हे विचारेपर्यंत कंडक्टरनं घंटी मारली.

गोडं पाणी

शिरखारला मी नलूताईंच्या वहिनींकडे उतरले. नलूताईंचे भाऊ मुंबईला नोकरीत, वहिनी इथं आंब्याची झाडं आणि थोडी भातशेती सांभाळून. बोलायला भरघोस आणि वाढायला त्याहून. आल्या आल्या समोर घावनं, नारळाचं दूध आणि फणसाच्या सांदणाचं ताट आलं. आमच्याकडे पाहुणीला आधी पाणी, मग चहा, मग "जेवणार ना?" असं विचारतात. इथं प्रश्न नसतो. मी मात्र तिखटाला आसुसले होते. वहिनींनी माझ्यासाठी म्हणून चटणी केली. त्यांच्या मते ती जहाल होती. मी ती चमच्यानं खाल्ली, तेव्हा त्यांनी शेजारणीला हाक मारून ते दृश्य दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा पहिला घोट घेतला आणि मला तो खारट लागला. मी सांगायला नको होतं, पण जिभेवर आलेलं तोंडात ठेवायची मला सवय नाही. वहिनी गोऱ्यामोऱ्या झाल्या. त्यांनी पिऊन पाहिला. म्हणाल्या, छान आहे. शेजारीण आली, तीही म्हणाली, छान आहे. मी ओशाळून कप संपवला. पण वहिनींच्या मनातून ते जाईना. त्या विहिरीवर गेल्या. तिथून शेताच्या कडेनं खाडीच्या बांधापर्यंत गेल्या. खाडीचं पाणी भातात शिरू नये म्हणून तिथं मातीचा बांध असतो. तो खेकड्यांनी एका ठिकाणी पोखरला होता, आणि भरतीचं पाणी गुपचूप आत झिरपून विहिरीपर्यंत पोचलं होतं. अजून दोनचार भरत्या गेल्या असत्या तर अख्खं शेत करपलं असतं. माणसं फावडी घेऊन धावली, भोक बुजवलं, आणि दुपारपर्यंत घाटावरच्या बाईंच्या जिभेची कीर्ती वाडीभर झाली. बायका मला बघायला येऊ लागल्या. एकीनं मला तिच्या घरचं पाणी चाखायला दिलं. मी चाखून "गोडं" म्हटल्यावर ती समाधानानं कळशी घेऊन गेली.

बाजाराची गोष्ट

बाजार पुळणीवर भरतो. पुळण म्हणजे खाडी समुद्राला मिळते तिथला वाळूचा लांब पट्टा. संध्याकाळी मी तिथं गेले आणि खरं सांगते, माझे पाय जागच्या जागी थांबले. पावसाळाभर माडाच्या पात्यांच्या विणलेल्या झापांखाली झाकून ठेवलेल्या सगळ्या होड्या उघड्या करून एका रांगेत मांडल्या होत्या. उंडीच्या तेलानं चोपडून काळ्याशार झालेल्या, काठाला लाल, पिवळे, हिरवे पट्टे, नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, झेंडूची माळ. ढगांतून मधूनच ऊन पडलं की सगळी रांग चमकायची. मी आजवर नकाशात बंदरांवर ठिपके दिले, पण त्या ठिपक्यांत एवढे रंग असतील हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

तिथं विठू तांडेल भेटले. आयुष्यभर होडी चालवलेला, आता ऐंशीकडे झुकलेला माणूस. डोळे बारीक, बोलणं त्याहून बारीक आणि टोचणारं. बाजाराची सगळी गोष्ट मला त्यांनीच सांगितली. त्यांच्या आजोबांच्याही आजोबांच्या काळी शिरखारला होड्या आणि मचवे बांधणारे सुतार होते. पावसात समुद्र बंद असला की केळशीपासून, गुहागरापासून आणि खालून कारवाराकडून व्यापारी इथं यायचे आणि वाळूत मांडलेल्या होड्या पारखून घ्यायचे. आमच्याकडे बैलाचे दात बघतात तसे इथं बोटाच्या पेरानं फळ्या वाजवून बघायचे. पण कान फसतो. म्हणून सुतारांनीच एक रीत घातली. नव्या होडीत समुद्राचं पाणी ओतायचं आणि बाहेरून बघायचं. जी होडी आतलं पाणी बाहेर सोडत नाही ती बाहेरचं पाणी आत घेणार नाही. जिच्या सांध्यांतून थेंब आला ती रडली. रडलेली होडी त्या वर्षी कुणी घ्यायचं नाही आणि तिच्यात कुणी बसायचं नाही.

पुढं सडका आल्या, ट्रक आले, मचव्यांचा व्यापार बसला. घेणारे यायचे थांबले. बाजार मात्र थांबला नाही, कारण गावाला त्याची गोडी लागली होती. नवी होडी झाली की तिची परीक्षा, जुन्या होड्यांची मिरवण आणि ज्याला ज्या होडीवर जायचं असेल त्यानं आपलं वल्हं तिच्यात नेऊन ठेवायचं. बोलणं नाही, ठरवणं नाही, वल्हं ठेवलं की झालं. आणखी एक रीत मला फार आवडली. होडी परीक्षेला पुळणीवर मांडली की तिच्या मालकानं तोंड उघडायचं नाही. लोक येतील, फळ्या वाजवतील, नावं ठेवतील. मालकानं नुसतं ऐकायचं. आतलं पाणी सोडून होडी तरंगेपर्यंत त्याला बोलता येत नाही. आमच्याकडे असा नियम केला तर बैलाचा एकही मालक बाजारात येणार नाही, असं मी म्हटलं. तांडेल गालात हसले.

मग त्यांचा चेहरा पालटला. बाजाराला एकच अट आहे, ते म्हणाले. निदान एक तरी नवी होडी पुळणीवर हवी. गेली काही वर्षं जो तो यंत्राच्या मोठ्या नौकांमागं लागलाय, त्या बांधल्या जातात दुसऱ्याच बंदरांत. यंदा गावात नवी होडी एकच.

"कुणाची?" मी विचारलं. पालीच्या बाईला मला उत्तर द्यायचं होतं.

तांडेलांनी रांगेच्या टोकाला हनुवटीनं दाखवलं. तिथं एक उंच, किडकिडीत माणूस होडीला पाठ टेकून उभा होता. यशवंत त्याचं नाव. बाप खलाशी, पण हा पोरवयातच मुंबईला गिरणीत गेला. गिरण्यांचा संप झाला, दोन वर्षं तिथंच आशेवर काढली, दार काही उघडलं नाही. मग बायको सुमन आणि मुलांना घेऊन गावी आला. बायकोचे दागिने मोडून त्यानं दाऊद मिस्त्रींकडून होडी बांधवून घेतली. सांध्यांत ठासायचा कापूस मात्र त्यानं मिस्त्रींना बाहेरून आणू दिला नाही. सूत आपण वळणार, म्हणाला. आयुष्य सुतावर गेलंय, तेवढं मला येतं.

"गिरणीतल्या सुताला समुद्र काय ठावं," तांडेल म्हणाले. "मुंबयवाल्याची होडी. शोभेला बरी."

हे यशवंतला ऐकू जाईल इतपत मोठ्यानं ते बोलले होते. त्यानं मान वळवली, पण ओठ उघडले नाहीत. त्याच्या होडीत त्याचं स्वतःचं एकच वल्हं होतं. नवीन, पांढरं, अजून हाताचा मळ न लागलेलं. मला एकदम त्याची काळजी वाटू लागली. होडी रडली तर कुणी वल्हं ठेवणार नाही, एकट्यानं समुद्रात जाता येणार नाही, आणि परत जायला गिरणीही नाही. शिवाय गावाचा बाजार त्याच्या होडीवर टेकलेला. रात्री वहिनींना मी हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, सुमनला आठ दिवस झोप नाही.

पुळणीवर

सकाळी गावातल्या सगळ्या बायका कळश्या, घागरी घेऊन निघाल्या. पावसाळ्यात खाडीला नदीचं पाणी येतं, ते परीक्षेला चालत नाही. पाणी वाळूच्या पलीकडून, थेट समुद्राच्या लाटेतूनच आणायचं. मीही एक घागर घेतली. पहिल्याच लाटेनं मला गुडघ्यापर्यंत भिजवलं, दुसरीनं घागर हिसकावून घेतली आणि तिसरीनं ती परत आणून दिली. बायका हसून हसून वाकल्या. मला मात्र इतका आनंद झाला होता की मी तीन खेपा केल्या.

यशवंतची होडी ओंडक्यांवर उचलून ठेवली होती, म्हणजे खाली वाकून तळ दिसावा. तळाच्या फळ्यांना बाहेरून चुना फासला होता. पांढऱ्यावर थेंबाची रेघ लपत नाही. वर झापांचा मांडव होता. श्रावणातली सर कधी येईल सांगता येत नाही आणि पावसानं चुना धुतला तर परीक्षा कशी व्हायची? पहिली घागर सुमननं ओतली. मग एकेक करत सगळ्यांनी ओतली आणि होडीत गुडघाभर पाणी साठलं. सगळं गाव खाली वाकून चुन्याकडे बघत राहिलं. दाऊद मिस्त्री जरा लांब, पाठ करून बसले होते. बांधणाऱ्यानं बघायचं नसतं. यशवंत नाळेशी उभा होता, दोन्ही हात मागं बांधून.

ठरलेला वेळ म्हणजे भरतीचं पाणी ओंडक्यांना लागेपर्यंत. तोवर चुना कोरा राहिला तर होडी पास. मग आतलं पाणी सोडायचं आणि त्याच भरतीवर तिला तरंगवायचं. भरती चढत होती. चुना कोरा होता.

आणि वारा आला. नुसता वारा नव्हे, समुद्रावरून उठलेली काळी भिंतच. मांडवाचे झाप करकरले, एक खांब उपटला आणि अख्खा मांडव उडून नेमका विठू तांडेलांच्या होडीवर जाऊन पडला. पाठोपाठ पाऊस. आडवा, जाड, डोळे उघडू न देणारा. मी छत्री उघडली, पण ती माझ्याच डोक्यावर पुरेना. बघता बघता चुना पांढऱ्या ओघळांनी वाळूत गेला. होडीच्या तळाला सगळीकडे थेंबच थेंब. त्यातला पावसाचा कुठला आणि होडीचा कुठला, देवालाही सांगता आलं नसतं.

गलका उडाला. कुणी म्हणालं, परीक्षा झाली, पास धरा. कुणी म्हणालं, वेळ भरली नव्हती, धरता येत नाही. पाऊस थांबण्याची वाट बघावी तर भरती थांबत नव्हती. उद्या पौर्णिमा, उद्या नारळ. आज तरंगली नाही तर होडी वर्षभर ओंडक्यांवर. यशवंत काही बोलू शकत नव्हता. त्याच्या चेहऱ्यावरून पाणी वाहत होतं आणि तो फक्त तांडेलांकडे बघत होता.

तांडेल खाली बसले. त्यांनी तळाचा एक थेंब बोटावर घेतला, आणि मला वाटतं ती सवयच असावी, बोट तोंडात घातलं.

"पाऊस गोडा," ते म्हणाले. "आतलं पानी खारं."

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग सगळ्यांना एकदम कळलं. बाहेरचा थेंब गोडा असेल तर तो आभाळाचा. खारा असेल तर होडी रडते आहे. सगळं गाव होडीखाली घुसलं आणि फळ्या चाखू लागलं. म्हातारे, पोरं, लेकुरवाळ्या, सगळे वाकून, जीभ काढून. हे दृश्य मी जन्मात विसरणार नाही. पण त्यानं भागेना. सुमनचा भाऊ म्हणाला गोडं. तांडेलांचा पुतण्या म्हणाला खारं. ज्याला हवं तसं त्याला लागत होतं, आणि दोघंही खरंच बोलत असावेत. तोंडं अशीही समुद्राच्या वाऱ्यानं खारटलेली.

तेवढ्यात गर्दीतून वहिनींचा आवाज आला. "आमच्या पाव्हणीला चाखू द्या. तिची जीभ घाटावरची आहे. तिला कुणाचं काही देणंघेणं नाही."

देणंघेणं नाही कसं? कालपासून मी त्या माणसाच्या काळजीत अर्धी झाले होते. पण सगळ्यांनी वाट करून दिली. वहिनींनी आणलेल्या तांब्यातल्या गोड्या पाण्यानं मी खळखळून चूळ भरली आणि पदर खोचून होडीखाली गेले. पाऊस फळ्यांवरून ओघळत होता. मी मागच्या टोकापासून सुरुवात केली. जिथं फळ्या तळाच्या मधल्या लाकडाला मिळतात त्या सांध्यावरून थेंब घेत घेत पुढं सरकले. तेलाचा वास, चुन्याचा तुरटपणा, आणि पाणी गोडं. पुढं गोडं. आणखी पुढं गोडं. मी मनात म्हणू लागले, आता फक्त थोडंच राहिलं.

नाळेजवळ आले. थेंब घेतला. खारट होता.

मी पुन्हा घेतला. खारटच. नुसता मचूळ नव्हे, स्वच्छ खारट. माझ्या डोळ्यांपुढं यशवंतचं ते एकुलतं एक वल्हं आलं. गप्प बसता आलं असतं. कुणाला कळलं नसतं. पण उद्या याच सांध्याशी पाय टेकवून माणसं खोल समुद्रात बसणार होती. मी होडीखालूनच म्हटलं, "इथं खारं आहे."

तांडेल रांगत माझ्याशेजारी आले. त्यांनी चाखलं आणि मान हलवली. खरं होतं. मग त्यांनी वर पाहिलं. त्या जागेच्या नेमकं वर काठ होता, आणि त्याच काठावरून सकाळपासून बायकांनी घागरी रित्या केल्या होत्या. काठावरून सांडलेलं पाणी ओघळून इथं आलेलं असू शकत होतं. किंवा आतून आलेलं.

"थांबा," तांडेल म्हणाले. "कुणी हात लावू नका. पाऊस धुवंल. सांडलेलं असंल तर जाईल. रडत असंल तर परत खारं लागंल."

आम्ही दोघं होडीखाली बसून राहिलो, ते त्यांच्या गुडघ्यांवर हात ठेवून आणि मी माझ्या. भरतीचं पाणी पहिल्या ओंडक्याला लागलं. मग माझ्या टाचांना. पाऊस कोसळतच होता. माझ्या आयुष्यात मी पावसाला इतक्या मनापासून "पड, पड" म्हटलेलं नाही. पाणी घोट्यावर आलं तेव्हा तांडेलांनी मला खूण केली. मी पुन्हा चूळ भरली, हात पुसायला कोरडं काही नव्हतं म्हणून तो पावसात धुतला आणि त्याच जागी बोट लावलं.

जिभेवर ठेवलं. थांबले. दुसऱ्यांदा घेतलं. तिसऱ्यांदा.

"गोडं," मी म्हटलं. मग सगळ्यांना ऐकू जावं म्हणून मोठ्यानं म्हटलं, "गोडं आहे."

तांडेलांनी चाखलं. ते होडीखालून बाहेर गेले, आणि मला वाटलं त्यांना पटलं नाही. मीही बाहेर आले. ते मांडवाखाली दबलेल्या आपल्या जुन्या होडीकडे जात होते. झाप बाजूला सारून त्यांनी तिच्यातलं वल्हं काढलं. दांडा हातानं झिजून मधोमध बारीक झालेला. ते घेऊन ते परत आले आणि यशवंतच्या होडीत ठेवलं. ऐंशीकडे झुकलेला माणूस काही समुद्रावर जाणार नव्हता. पण ते वल्हं पडल्यावर कुणालाच विचारायचं उरलं नाही. तांडेलांचा पुतण्या आला, खारं म्हणणारा. त्यानं ठेवलं. सुमनच्या भावानं ठेवलं. मग आणखी कुणी कुणी. दाऊद मिस्त्री आता तोंड वळवून बघत होते आणि दाढीवरचं पाणी निपटत होते.

तळाच्या भोकातला डाट काढला. समुद्राचं पाणी धो धो करत समुद्राला मिळालं. डाट परत ठोकला, ओंडके सरकवले, सगळ्यांनी खांदा दिला, मीसुद्धा. होडी एकदा वाळूत अडली, मग हलकी झाली आणि तरंगली. बायकांनी ओरडून आभाळ डोक्यावर घेतलं. मला इतका हर्ष झाला होता की मलाही काहीतरी ठेवावंसं वाटलं. वल्हं कुठून आणू? हातात छत्री होती. मी पाण्यात शिरून ती मिटली आणि होडीत, त्या सगळ्या वल्ह्यांवर ठेवली.

गाव हसलं. मग गप्प झालं, कारण होडी तरंगत होती आणि आता यशवंतला बोलायची मुभा होती. त्याचा पहिला शब्द ऐकायला सगळे थांबले होते. त्यानं छत्रीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बाई," तो म्हणाला, "तुमी भिजाल."

तेव्हा मात्र मला रडू आलं. होडी रडली नाही ती नाही, पण मी पोटभर रडले, आणि पावसात कुणाला दिसलं नाही.

नारळी पौर्णिमा

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. सोनेरी कागद लावलेला नारळ नव्या होडीच्या नाळेवर होता आणि मागं रांगेनं जुन्या. तांडेल किनाऱ्यावर माझ्याशेजारी उभे होते, पण डोळे त्यांचे होडीतल्या आपल्या वल्ह्यावर होते. ते पुतण्याच्या हातात होतं. खाडीच्या तोंडाशी लाटा उंच होत्या. होडी पहिल्या लाटेवर चढली, दिसेनाशी झाली, पुन्हा दिसली. "सूत बरं वळलंय," तांडेल म्हणाले. घरी वहिनींनी नारळीभात केला होता. मी दोनदा घेतला, आणि एकदाही तिखट मागितलं नाही.

परतीच्या वाटेवर पालीला गाडी बदलायची होती. पावसानं मला अंगभर धुऊन काढलं होतं. थांब्याच्या पत्र्याला गळती होती आणि ती बाई तिथंच, टोपली पुढ्यात घेऊन बसली होती. तिनं मला ओळखलं.

"कुणाची होती?" तिनं विचारलं.

"यशवंतची. गिरणीतून आलाय त्याची."

"रडली?"

मी मान हलवली. नाही.

तिनं सुस्कारा सोडला, जणू तिचंच काही अडकलं होतं. मग विचारलं, पहिलं वल्हं कुणाचं पडलं. तांडेलांचं म्हटल्यावर ती बराच वेळ टोपलीतलं सुकट सारखं करत राहिली. शेवटी माझ्या निथळत्या पदराकडे बघून म्हणाली, "आनि तुमची छत्री?"

"होडीत ठेवली."

तिला त्यात विचित्र असं काही वाटलं नाही. ती जरा बाजूला सरकली, पाठीवरचं इरलं वर उचलून अर्धं माझ्या डोक्यावर ओढलं, आणि गाडी येईपर्यंत आम्ही दोघी त्याखाली खांद्याला खांदा लावून बसलो.